आडवी पट्टी जागच्या जागी, आणि सगळं पानच सरकतंय

तक्रार साधारण अशी येते: मोबाइलवर पान उघडलं की उजव्या कडेला रिकामी पांढरी पट्टी दिसते. बोटाने ढकललं की लोगो, मथळा, मेनू सगळंच डावीकडे जातं. ज्या तक्त्याने आडवं सरकायला हवं होतं, तो मात्र ढिम्म. मग कोणीतरी बॉडीला (म्हणजे अख्ख्या पानाला) ओव्हरफ्लो-एक्स: हिडन (आडवं बाहेर जाईल ते कापून लपवा) लावतं, पांढरी पट्टी जाते, तक्त्याचे शेवटचे दोन रकानेही जातात, आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार नव्या रूपात परत येते.

उदाहरणासाठी बाजारभावाचं पान घेऊ. वर ३६ जिल्ह्यांच्या नावांची आडवी पट्टी, खाली दरांचा तक्ता. रकाने नेहमीचेच: बाजार समिती, जात-प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. सात रकाने आणि ३६० पिक्सेल रुंदीचा फोन. आडवं सरकवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि इथे ते योग्यही आहे. वेब सुलभतेच्या निकषांत ३२० पिक्सेल रुंदीवर मजकूर आडवा सरकवावा लागू नये अशी अट आहे, पण माहितीचे तक्ते त्यातून वगळलेले आहेत. अट एकच, तक्ता सरकला तरी पान सरकता कामा नये.

(सीएसएस म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा. तिच्यातली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्टाइलशीटमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करा.)

आधी गुन्हेगार शोधा

काहीही बदलण्याआधी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये डॉक्युमेंट-एलिमेंटची (म्हणजे पानाची) स्क्रोल-विड्थ (आतल्या मजकुराची रुंदी) आणि क्लायंट-विड्थ (दिसणारी रुंदी) छापून पाहा. दोन्ही आकडे सारखे असतील तर पान ठीक आहे, गडबड पट्टीच्या आत आहे. पहिला आकडा मोठा असेल तर पानातलं काहीतरी बाहेर डोकावतंय. फायरफॉक्सचं इन्स्पेक्टर इथे फार उपयोगी पडतं. जो घटक सरकू शकतो त्याच्यापुढे 'स्क्रोल' असा बिल्ला दिसतो, आणि त्यावर क्लिक केलं की कोणामुळे मजकूर बाहेर जातोय ते उजळून दाखवतं. क्रोममध्येच काम करायचं असेल तर पानावरच्या सगळ्या घटकांवरून लूप फिरवा, प्रत्येकाची उजवी कड गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्टने काढा, आणि क्लायंट-विड्थपेक्षा जास्त भरणारे तेवढे छापा. यादी लांबलचक येईल. त्यातला सर्वांत बाहेरचा, म्हणजे घटकांच्या झाडात सर्वांत वरचा घटक पकडा. बाकीचे बहुतेक त्याच्या पोटातले असतात. एक अपवाद लक्षात ठेवा: नीट सरकणाऱ्या पट्टीतले पुढचे बटणही या यादीत येतात, कारण त्यांची उजवी कड खरोखरच पडद्याबाहेर असते. त्यांना सोडून द्या.

सगळ्या घटकांना लाल आउटलाइन लावायची जुनी युक्तीही चालते. बॉर्डर मात्र लावू नका. बॉर्डर स्वतःच रुंदी खाते आणि नवीनच गोंधळ उभा राहतो.

बहुतेक वेळा दोष पट्टीच्या आईबापांचा असतो

पट्टीवर ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो लिहिलेलं आहे, तरीही ती फुगते. का? कारण ओव्हरफ्लोला काम मिळायला आधी चौकट मजकुरापेक्षा अरुंद असावी लागते. चौकटच मजकुराएवढी ताणली गेली तर बाहेर सांडायला काही उरतच नाही, आणि ब्राउझरच्या दृष्टीने सरकवायचंही काही नसतं.

आपल्या पानाची रचना बहुधा अशी असते: बाहेर एक फ्लेक्स कंटेनर (आतल्या घटकांना, म्हणजे त्याच्या मुलांना, एका ओळीत मांडणारी चौकट), त्यात डावीकडे साइडबार आणि उजवीकडे मेन, मेनच्या आत पट्टीची चौकट, तिच्या आत छत्तीस बटणं. फ्लेक्सच्या मुलांची मिन-विड्थ मुळात शून्य नसते, ती ऑटो असते. म्हणजे 'आतल्या मजकुराला जेवढी किमान जागा लागते त्याहून मी बारीक होणार नाही' असा त्या मुलाचा हट्ट. मेनच्या पोटात छत्तीस न मोडणारी बटणं एका ओळीत असतील तर मेनची किमान रुंदी म्हणजे त्या सगळ्यांची बेरीज. मेन तेवढा रुंद होतो, त्याच्यामागे पान.

गंमत अशी की जो घटक स्वतः सरकणारा आहे, त्याची ही आपोआप ठरणारी किमान रुंदी शून्यच धरली जाते. म्हणून पट्टी थेट फ्लेक्सचं मूल असेल तर सगळं बिनबोभाट चालतं. मध्ये एक डिव्ह (साधी चौकट) आला की बिघडतं. 'कालपर्यंत चालत होतं, मी फक्त एक रॅपर टाकला' या तक्रारीचं उत्तर नव्वद टक्के वेळा इथेच सापडतं. (नव्वद टक्के हे बोलण्यापुरतं. मोजायला कोणी बसलेलं नाही.)

उपाय एका ओळीचा: मेनवर मिन-विड्थ: ०. रचना एकात एक अशी दोन-तीन फ्लेक्सची असेल तर पट्टीपासून वर चढत जा आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक फ्लेक्स-मुलावर ते लिहा. एक जरी सुटलं तरी साखळी तिथेच तुटते.

ग्रिडमध्ये (ओळी-रकान्यांच्या मांडणीत) हाच प्रकार वेगळ्या वेषात येतो. १एफआर लिहिलं की आपल्याला वाटतं, उरलेली जागा. प्रत्यक्षात तो मिनमॅक्स(ऑटो, १एफआर) असतो, आणि त्यातला ऑटो म्हणजे पुन्हा तोच हट्ट. त्याऐवजी मिनमॅक्स(०, १एफआर) लिहा. मला तर आता साध्या १एफआरवर भरवसाच राहिलेला नाही. मुख्य मजकुराच्या रकान्याला मी डोळे झाकून मिनमॅक्स लिहितो.

फॉर्ममध्ये तक्ता असेल आणि तो फील्डसेटच्या (फॉर्ममधल्या गोष्टी एकत्र बांधणाऱ्या घटकाच्या) आत असेल तर आणखी एक: ब्राउझरच्या स्वतःच्या स्टाइलशीटमध्येच फील्डसेटला मिन-इनलाइन-साइझ: मिन-कंटेंट असतं. ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे शोधूनही सापडत नाही. ते ० करा.

पट्टीचा काहीच दोष नसतानाही पान सरकतं तेव्हा

पहिला संशयित १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी. या मापात उभ्या स्क्रोलबारची जागाही धरलेली असते. विंडोजवर तो बार साधारण १५ ते १७ पिक्सेल जागा खातो, तेवढंच पान उजवीकडे सांडतं. मॅकवर आणि फोनवर बार सहसा मजकुरावर तरंगतो, जागा घेत नाही. म्हणून डेव्हलपर म्हणतो 'माझ्याकडे तर होत नाही', आणि ऑफिसातल्या विंडोजवाल्याला रोज दिसतं. दोघंही खरं बोलत असतात. पूर्ण रुंदी हवी असेल तर विड्थ: १००% पुरतं, आणि डिव्ह असेल तर तेही लिहायची गरज नसते.

दुसरा संशयित म्हणजे उजवीकडे पडद्याबाहेर लपवलेला मेनू. डावीकडे बाहेर ठेवलेला घटक, पान डावीकडून उजवीकडे वाचायचं असेल तर, स्क्रोल वाढवत नाही. उजवीकडचा वाढवतो. व्हिजिबिलिटी: हिडन केलं तरी वाढवतो, कारण तो दिसत नसला तरी त्याची जागा मोजली जातेच.

तिसरा फार लबाड आहे. दराशेजारी वर-खाली बाण दाखवता, आणि स्क्रीन रीडरसाठी (पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) 'कालपेक्षा वाढ' असा न दिसणारा मजकूर ठेवता. चांगली सवय. पण तो लपवणारा क्लास पोझिशन: ॲब्सोल्यूट वापरतो, म्हणजे घटकाला नेहमीच्या ओघातून बाहेर काढतो. तक्त्याच्या चौकटीला पोझिशन दिलेली नसेल तर त्या एक पिक्सेलच्या ठिपक्याचा मालक ती चौकट नसतेच, वरचा कोणीतरी असतो. परिणामी चौकटीची कात्री त्याला लागत नाही. तक्त्याच्या सातव्या रकान्यात, पडद्याबाहेर सहाशे-सातशे पिक्सेलवर तो जिथे असायला हवा तिथेच राहतो आणि पानाला तिथपर्यंत ओढतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त पांढरी पट्टी. चौकटीला पोझिशन: रिलेटिव्ह द्या, संपलं.

आणि बॉडीवरच्या ओव्हरफ्लो-एक्स: हिडनबद्दल. तो लावल्याने वरचं एकही कारण दूर होत नाही, फक्त लपतं. मेन फुगलेलाच राहतो, आता त्याचा उजवा भाग पाहायची सोय नाही एवढंच. वर एचटीएमएल आणि बॉडी दोघांनाही ओव्हरफ्लो लावला तर बॉडी स्वतःच स्क्रोल कंटेनर बनते आणि पानभर चिकटून राहणारा मथळा चिकटायचा थांबतो. सजावटीची एखादी आकृती मुद्दाम कडेबाहेर जात असेल आणि ती कापायचीच असेल, तर तिच्याच भोवतीच्या सेक्शनवर ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप लावा. क्लिप नुसतं कापतं, स्क्रोल कंटेनर तयार करत नाही, त्यामुळे स्टिकीला (चिकटून राहणाऱ्या घटकाला) धक्का लागत नाही. क्रोममध्ये ते ९०व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१पासून आहे. सफारीत १६पासून.

चौकट सरकते, पण आतलं सगळं चेपलंय

चौकटीची रुंदी मार्गी लागली की पुढची तक्रार: पट्टीतली बटणं आक्रसली. 'छत्रपती संभाजीनगर' दोन ओळींत मोडलं आणि शेजारचं 'बीड' एका ओळीत, त्यामुळे पट्टीची उंची वेडीवाकडी. फ्लेक्सची मुलं मुळात आक्रसायला तयार असतात. त्यांना फ्लेक्स: नन आणि व्हाइट-स्पेस: नोरॅप द्या. कार्डांची पट्टी असेल तर नोरॅप नको, ठरावीक रुंदी द्या.

तक्त्याचं वेगळं. तक्ता शक्य तितका चेपून घेतो आणि 'सर्वसाधारण दर' दोन ओळींत, 'जास्तीत जास्त दर' तीन ओळींत, असं करून ३६० पिक्सेलमध्ये मावायचा आटापिटा करतो. तक्त्याला विड्थ: मॅक्स-कंटेंट आणि सोबत मिन-विड्थ: १००% द्या. मोठ्या पडद्यावर तो पूर्ण रुंदी व्यापेल, लहान पडद्यावर सरकेल. बाजार समितीची नावं फारच लांब असतील तर फक्त त्या रकान्याला कमाल रुंदी देऊन मोडू द्या. आकड्यांच्या रकान्यांना नोरॅप हवंच. '२,४५०' मोडत नाही, पण '२,४५० रुपये' मोडतं.

तक्त्यालाच डिस्प्ले: ब्लॉक देऊन सरकवण्याचा आडमार्ग बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो घेऊ नका. तक्त्याचं तक्तापण त्यात जाऊ शकतं, आणि मग स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला कोणता दर कोणत्या रकान्यातला ते कळत नाही. बाहेर एक डिव्ह घ्या आणि तो सरकवा.

पार्श्वभूमी अर्ध्यातच संपते, शेवटचं बटण कडेला चिकटतं

ही दोन वेगळी गाऱ्हाणी वाटतात, मूळ एकच. बाहेर सरकणारा डिव्ह, आत फ्लेक्स यादी, आणि यादीला करडी पार्श्वभूमी व दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा). यादीची स्वतःची रुंदी पडद्याएवढीच, ३६०. बटणं तिच्यातून बाहेर सांडलेली. म्हणून करडा रंग ३६०वर संपतो, आणि उजवीकडची पॅडिंग पाचव्या-सहाव्या बटणाखाली कुठेतरी गाडली जाते. शेवटच्या 'यवतमाळ'पर्यंत ती पोचतच नाही. यादीलाही तोच उपाय: विड्थ: मॅक्स-कंटेंट, मिन-विड्थ: १००%. किंवा पॅडिंग आणि रंग दोन्ही बाहेरच्या, सरकणाऱ्या डिव्हवर हलवा.

उलट बाजूचीही एक खोड आहे. मोठ्या पडद्यावर बटणं मध्यभागी दिसावीत म्हणून जस्टिफाय-कंटेंट: सेंटर लावलं, की लहान पडद्यावर यादी दोन्हीकडे सारखी सांडते. उजवीकडचं सरकवून दिसतं, डावीकडचं कधीच दिसत नाही, कारण शून्याच्या मागे स्क्रोल जात नाही. 'अकोला' आणि 'अमरावती' गायब, आणि फोन येतात ते त्याच जिल्ह्यांतून. पहिल्या बटणाला डावीकडे आणि शेवटच्याला उजवीकडे मार्जिन: ऑटो द्या, सेंटर काढून टाका. जागा असेल तेव्हा मध्यभागी, नसेल तेव्हा डावीकडून सुरुवात.

रफार कापला जातो, उकार अर्धा दिसतो

हे इंग्रजी लेखांत सापडणार नाही. नियम असा की एका दिशेला ओव्हरफ्लो ऑटो केला की दुसऱ्या दिशेचा व्हिजिबल तसाच राहत नाही, तोही ऑटो होतो. तुम्ही ओव्हरफ्लो-वाय: व्हिजिबल स्पष्ट लिहिलंत तरी ब्राउझर ते ऑटोच धरतो. क्लिप लिहिलंत तर हिडन धरतो. थोडक्यात, आडवी सरकणारी चौकट वर-खालीही कापतेच.

रोमन अक्षरांसाठी लाइन-हाइट १ किंवा १.२ ठेवलेली असते. त्यावर 'सिंधुदुर्ग', 'वर्धा', 'कोल्हापूर' लिहून पाहा. वरचा रफार, वेलांटी, खालचा उकार ओळीच्या चौकटीबाहेर जातात. एरवी ते नुसते बाहेर डोकावले असते आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे कात्री लागते. मजकूर स्पॅनमध्ये किंवा लिंकमध्ये असेल तर आणखी एक चाळा दिसतो: फॉन्टची वर-खालची जागा लाइन-हाइटपेक्षा मोठी असल्यामुळे पट्टीला दोन-तीन पिक्सेलचा उभा स्क्रोल मिळतो, आणि माउसचं चाक फिरवताना पट्टी थरथरते. विंडोजवर तर चक्क उभा बारही दिसतो. मुक्तासारखे किंवा नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट वर-खाली भरपूर जागा ठेवतात, त्यामुळे फॉन्ट बदलला की हा प्रकार अचानक सुरू होतो किंवा अचानक थांबतो, आणि सगळे फॉन्टला शिव्या देत बसतात.

लाइन-हाइट १.५ ते १.६ करा आणि पट्टीला वर-खाली ४ ते ६ पिक्सेल पॅडिंग द्या. ओव्हरफ्लो-वाय: हिडन लावून बार घालवता येतो, पण कापलेला उकार त्याने परत येत नाही. कार्डांच्या सावल्या कापल्या जातात त्यालाही पॅडिंगच कामाला येतं. वर-खाली १२ पिक्सेल पॅडिंग आणि तेवढंच ऋण मार्जिन दिलं की आजूबाजूचं अंतर बदलत नाही आणि सावलीला श्वास घ्यायला जागा मिळते.

पट्टीतल्या बटणातून उघडणारा ड्रॉपडाउन मात्र पॅडिंगने सुटत नाही. झेड-इंडेक्स ९९९९९ केल्यानेही नाही, कारण प्रश्न थरांचा नाहीच, कात्रीचा आहे. तो ड्रॉपडाउन पॉपओव्हर करा. पॉपओव्हर पानाच्या सर्वांत वरच्या थरात काढला जातो, तिथे कोणाचीच कात्री पोचत नाही.

स्क्रोलबारचं रंगरूप

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे.

वेबकिट-स्क्रोलबार या छद्म-घटकाला (क्रोम-सफारीत बार सजवायच्या जुन्या सोयीला) लोक विड्थ: ६ पिक्सेल देतात आणि आडवा बार बारीक होत नाही म्हणून हैराण होतात. विड्थ उभ्या बारासाठी. आडव्याला हाइट द्यावी लागते.

दुसरी तक्रार २०२४च्या सुरुवातीपासूनची: 'काहीच बदललं नाही, तरी क्रोममधला गोलसर हिरवा बार जाऊन साधा चौकोनी बार आला.' फायरफॉक्समध्ये स्क्रोलबार-कलर आणि स्क्रोलबार-विड्थ ही प्रमाणित गुणधर्मांची जोडी ६४व्या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१८पासून आहे. लोकांनी फायरफॉक्ससाठी म्हणून त्या दोन ओळी लिहिल्या आणि क्रोमसाठी वेबकिटचे छद्म-घटक. दोन्ही गुण्यागोविंदाने नांदत होते. जानेवारी २०२४मध्ये क्रोम १२१ आलं आणि त्यालाही प्रमाणित गुणधर्म कळायला लागले. नियम असा ठरला की यातला एक जरी ऑटोपेक्षा वेगळा असेल तर वेबकिटच्या स्टाइलकडे दुर्लक्ष. फायरफॉक्ससाठी लिहिलेल्या ओळींनी क्रोमची सजावट पुसली.

त्यात भर म्हणजे स्क्रोलबार-कलर वारशाने खाली उतरतो, स्क्रोलबार-विड्थ उतरत नाही. म्हणून एचटीएमएलवर कुठेतरी रंग लिहिलेला असेल तर पानातल्या प्रत्येक पट्टीची वेबकिट स्टाइल मोडते, आणि पट्टीच्या सीएसएसमध्ये कितीही शोधलं तरी कारण दिसत नाही. इन्स्पेक्टरमध्ये कॉम्प्युटेड टॅबवर स्क्रोलबार-कलर पाहा, लगेच कळेल.

माझं मत विचाराल तर प्रमाणित जोडीवरच यावं: स्क्रोलबार-विड्थ: थिन, आणि स्क्रोलबार-कलरला दोन रंग, पहिला पकडायच्या ठोकळ्याचा, दुसरा मागच्या खोबणीचा. क्रम उलटा झाला की बार उलटा दिसतो. इथे जाडी पिक्सेलमध्ये ठरवता येत नाही, गोलाई देता येत नाही, आणि त्यावाचून कोणाचं अडतही नाही. जुन्या ब्राउझरांसाठी वेबकिटचे नियम ठेवायचेच असतील तर ते ॲट-सपोर्ट्स नॉटच्या आत टाका, म्हणजे स्क्रोलबार-कलर न कळणाऱ्यांनाच ते लागू होतील. दोन्ही रंगांत पुरेसा फरक ठेवा. पांढऱ्यावर फिकट करडा बार उन्हात उभ्या शेतकऱ्याच्या फोनवर दिसत नाही.

बार पूर्ण लपवायची फर्माइश डिझाइनमधून हमखास येते. स्क्रोलबार-विड्थ: ननने ते होतंही. बोटाने सरकवणाऱ्याला चालतं, पण साधा माउस असलेल्याकडे मग काय उरतं? शिफ्ट दाबून चाक फिरवायचं असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. बार लपवायचाच असेल तर दोन्ही कडांना बाणाची बटणं द्या. चाकाच्या इव्हेंटवर कब्जा करून उभं चाक आडवं वळवणारा जावास्क्रिप्ट लावू नका. पान खाली नेताना माणूस त्या पट्टीवर अडकून पडतो.

मॅकवर २०११च्या लायन आवृत्तीपासून आणि फोनवरही बार एरवी दिसत नाही. पुढे आणखी रकाने आहेत याची खूण त्यामुळे वेगळी द्यावी लागते. सर्वांत स्वस्त खूण म्हणजे शेवटचा दिसणारा रकाना किंवा बटण अर्धवट कापलेलं दिसणं. सातपैकी बरोबर तीन रकाने पडद्यात नीट बसले तर वाचकाला वाटतं तक्ता एवढाच आहे, आणि 'सर्वसाधारण दर दिलेला नाही' असा निरोप येतो. रुंदी अशी ठेवा की चौथा रकाना डोकावेल.

पहिला रकाना चिकटवताना

बाजार समितीचं नाव डावीकडे थांबलेलं हवं, नाहीतर दर कोणाचा ते कळत नाही. पोझिशन: स्टिकी आणि लेफ्ट: ० एवढ्याने काम होतं, पण खानदानी अडचणी दोन. एक, चिकटलेल्या खणाला स्वतःचा रंग नसेल तर मागून आकडे जाताना दिसतात. ओळी आलटूनपालटून रंगवल्या असतील तर तो रंग खणालाही द्या. पारदर्शक रंग नको. दोन, बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स असेल तर रेघा तक्त्याच्या मालकीच्या असतात, त्या सरकून जातात आणि चिकटलेला खण बिनरेघेचा राहतो. बॉर्डर-कोलॅप्स: सेपरेट, बॉर्डर-स्पेसिंग: ० करा आणि प्रत्येक खणाला फक्त उजवी व खालची रेघ द्या.

वरची शीर्षकओळ पानाला चिकटत नाही ही तक्रार याच्या मागोमाग येतेच. आडव्या चौकटीत ठेवलेला तक्ता त्या चौकटीलाच चिकटू शकतो, पानाला नाही. चौकटीला मॅक्स-हाइट: ७० व्हीएच देऊन दोन्ही दिशांनी तिथेच सरकू द्या, मग टॉप: ० काम करेल. फोनवर मला हे फारसं आवडत नाही, पानात पान अडकल्यासारखं वाटतं. दहा-बारा ओळींचा तक्ता असेल तर शीर्षक न चिकटवलेलंच बरं.

बोट, ट्रॅकपॅड, कीबोर्ड

पट्टी सुरुवातीच्या टोकाला असताना ट्रॅकपॅडवर आणखी मागे ढकललं की ब्राउझर मागच्या पानावर जातो. पट्टीवर ओव्हरस्क्रोल-बिहेवियर-एक्स: कंटेन लावा. आयफोनवर कडेपासून ओढून मागे जायची सवय फोनचीच आहे, तिच्या नादी लागू नका. टच-ॲक्शन: पॅन-एक्स कुठून कॉपी केलेलं असेल तर काढून टाका. बोट पट्टीवर ठेवून पान खाली ओढताच येत नाही, ते त्याच्यामुळे.

कार्डांना स्नॅप (सोडलं की कार्ड आपोआप जागेवर बसणं) लावलंय आणि पान उघडताच डावी पॅडिंग नाहीशी होते? स्क्रोल-पॅडिंग पॅडिंगएवढंच द्या. मँडेटरीऐवजी (सक्तीच्या स्नॅपऐवजी) प्रॉक्सिमिटी (जवळ आलं तरच स्नॅप) वापरा, विशेषतः एखादं कार्ड पडद्यापेक्षा रुंद होण्याची शक्यता असेल तर. मँडेटरीत त्याचा मधला मजकूर हातातून सटकत राहतो.

तक्त्यात एकही लिंक किंवा बटण नसेल तर कीबोर्डवाल्याला चौकटीत शिरताच येत नाही. क्रोम १३०पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४पासून, अशा चौकटींना आपोआप फोकस मिळतो. फायरफॉक्समध्ये तो आधीपासून मिळत होता. तरी टॅबइंडेक्स: ०, रोल: रीजन आणि 'आजचे कांदा दर' असं आरिया-लेबल (स्क्रीन रीडर वाचतो ते नाव) हाताने लिहा, आणि फोकसची आउटलाइन पुसू नका.

शेवटी जिल्ह्यांच्या पट्टीचं. निवडलेला जिल्हा 'सोलापूर' असेल तर पान उघडताच पट्टी तिथपर्यंत सरकलेली हवी, नाहीतर वाचकाला निवड झाली की नाही ते कळत नाही. स्क्रोल-इन्टू-व्ह्यूमध्ये इनलाइन: सेंटर देताना ब्लॉक: निअरेस्टही द्या. ते राहिलं तर पट्टीबरोबर पानही उडी मारून पट्टीला वरच्या कडेला नेतं. सरकणं स्मूद ठेवायचं असेल तर ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवायची सेटिंग केली आहे त्यांच्यासाठी ते बंद ठेवा. आणि छपाईच्या स्टाइलमध्ये चौकटीला ओव्हरफ्लो: व्हिजिबल व व्हाइट-स्पेस: नॉर्मल द्या. बाजारभावाचं पान लोक खरंच छापून दुकानात लावतात, आणि कागद सरकवता येत नाही.